दहा कामट्यांचा तारा

(दृश्य: घराच्या ओटीवर कामट्यांचा, म्हणजे बांबूच्या चिरलेल्या पट्ट्यांचा भारा. एक हात त्यातली एकेक कामटी उचलून वाकवून बघतो आहे.)

ही कामटी बघा. दोन्ही टोकं धरून हळूच वाकवली की कशी सारखी, गोलसर कमान होते. आता ही दुसरी. वाकते, पण एका जागी कोन पडतो. तिथे पेराची गाठ आहे. ही बाजूला ठेवायची. ताऱ्यात घातली तर त्या एका पाकळीचा फुगवटा वेगळा दिसतो, आणि वर कितीही सुंदर कागद लावला तरी तो लपत नाही.

नाताळचा तारा वाकडा झाला की आपण कागदाला, खळीला नाहीतर वाऱ्याला दोष देतो. बहुतेक वेळा तो वाकडेपणा त्याआधीच, कामट्या निवडताना आणि त्यांवर खुणा करताना आलेला असतो. म्हणून या फिल्ममध्ये सांगाड्यालाच सगळ्यात जास्त वेळ दिला आहे.

आपण साठ सेंटीमीटरचा तारा करणार आहोत. त्यासाठी सारख्या जाडीच्या दहा कामट्या लागतील. रुंदी सहा ते आठ मिलीमीटर, जाडी दोन ते तीन. याहून जाड कामटी वाकताना गाठी उसवते, पातळ कामटी कागद वाळताना आत ओढली जाते. अगदी ओला, हिरवा बांबू वाकायला सोपा वाटतो, पण वाळताना आकसतो आणि आठवड्याभरात सगळ्या गाठी सैल पडतात. वाळलेल्या कामट्या घ्या. कडक वाटल्या तर रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत सुकवा. कडा काचपेपरने घासून घ्या, नाहीतर बांबूची कुसळं आधी बोटात जातील आणि मग कागदात.

(दृश्य: फूटपट्टी, पेन्सिल, ओळीने मांडलेल्या दहा कामट्या.)

कामटी साठ नाही, बासष्ट सेंटीमीटर कापायची. दोन्ही टोकांना एकेक सेंटीमीटर गाठीसाठी सोडायचा आणि तिथे दोरा सरकू नये म्हणून अगदी उथळ खाच घ्यायची. खोल खाच घेतली तर ताण आल्यावर कामटी तिथेच तुटते. या दोन खाचांमधलं अंतर साठ. आता प्रत्येक खाचेपासून आत २३ सेंटीमीटरवर पेन्सिलीची खूण करा. मध्ये चौदा उरतात. दहाही कामट्यांवर हेच माप.

हे २३ कुठून आलं? पंचकोनी ताऱ्यात प्रत्येक रेघ दुसऱ्या दोन रेघांना छेदते, आणि ते छेद नेहमी सुवर्ण गुणोत्तरात पडतात. हिशेब सोपा आहे. खाचेपासून खाचेपर्यंतची लांबी गुणिले ०.३८२. तीस सेंटीमीटरचा छोटा तारा करायचा असेल तर खूण साडेअकरावर, नव्वदचा मोठा असेल तर सव्वाचौतीसच्या किंचित पुढे. डोळ्यांच्या अंदाजाने बांधलेल्या ताऱ्याची एक पाकळी लांब आणि दुसरी बुटकी होते, ती या खुणा नसल्यामुळे.

आता जमिनीवर पहिला तारा मांडू. दोन कामट्यांची वरची टोकं खाचेशी बांधा आणि खालची टोकं ३७ सेंटीमीटर फाकवा. तिसरी कामटी आडवी, तिच्या दोन्ही खुणा या दोन कामट्यांच्या वरच्या खुणांवर. चौथी आडवीच्या डाव्या टोकापासून उजवीकडच्या खालच्या टोकाला, पाचवी उजव्या टोकापासून डावीकडच्या खालच्या टोकाला. मांडताना प्रत्येक कामटी एका छेदावर दुसरीच्या वरून आणि पुढच्या छेदावर खालून न्यायची, चटई विणतात तशी. मग त्या एकमेकींना धरून ठेवतात.

बांधायला गोधडीचा जाड सुती दोरा उत्तम. तार नको. पहिल्याच दवात ती गंजते आणि कागदावर तांबूस डाग उमटतात. दोरा छेदावर आधी एका तिरप्या अंगाने तीन वेढे, मग दुसऱ्या तिरप्या अंगाने तीन, आणि शेवटी गाठीवर खळीचं बोट.

गाठी आवळण्याआधी एक तपासणी करा. शेजारशेजारच्या दोन टोकांमधलं अंतर पाचही जागी ३७ यायला हवं. एका जागी अडतीस आणि दुसऱ्या जागी छत्तीस आलं तर छेद खुणेवरून सरकला आहे. आता सरकवला तर दोन मिनिटांचं काम. पुढे ते जमणार नाही.

असाच दुसरा तारा. कामट्यांची गुळगुळीत सालीची बाजू दोन्ही ताऱ्यांत बाहेर यावी. बांबूचा सगळ्यात चिवट धागा सालीलगत असतो. कमानीच्या बाहेरच्या अंगाला तो असला तर ताण सोसतो, आत गेला तर वाकवताना कामटीच्या शिपा निघतात.

(दृश्य: दोन सपाट तारे एकावर एक. पाच टोकं बांधली जातात. मग पहिली काडी आत जाते आणि सांगाडा फुगतो.)

दोन तारे पाठीला पाठ लावून ठेवा आणि पाचही टोकं जोडीजोडीने घट्ट बांधा. अजून सगळं सपाट आहे. आता बारा सेंटीमीटरच्या पाच काड्या घ्या, दोन्ही टोकांना इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असलेल्या. पुढच्या ताऱ्याचा छेद आणि त्याच्या बरोबर मागचा छेद, यांच्यामध्ये एकेक काडी बसवायची. ओळीने मात्र नाही. एक बसवली की शेजारची सोडून पुढची. ओळीने बसवल्या तर सगळा ताण एका बाजूला जातो आणि उरलेल्या बाजूची टोकं उसवतात. पाचवी काडी बसते तेव्हा बांबू किंचित करकरतो, तेवढं चालतं. त्याहून मोठा आवाज आला तर काडी लांब आहे. अर्धा सेंटीमीटर कापा. पाचही बसल्या की त्यांची टोकं दोऱ्याने छेदाला बांधून टाका.

काडी आखूड घेतली तर काय बिघडतं? तारा चपटा होतो, आणि दिवा कागदाला टेकतो. त्याकडे पुढे येऊच.

डिसेंबर उजाडला की वसईच्या गावांत, मुंबईच्या गावठाणांत, गोव्यातल्या घरांवर असे तारे चढायला लागतात. गोव्यात कोंकणीत त्याला नखेत्र म्हणतात. नाताळ हा शब्दच पोर्तुगीजांकडून आला, आणि वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्या ताब्यात होती. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायात पूर्वेकडचे ज्ञानी लोक जो तारा पाहून बेथलेहेमला पोचतात, तो हा तारा. पण कामट्या, पतंगाचा कागद आणि मैद्याची खळ हे सामान आपल्या आकाशकंदिलाचंच. ज्याला दिवाळीचा कंदील बांधता येतो, त्याचा हात इथे आधीच तयार असतो. तिकडे फिलिपिन्समध्येही ख्रिस्ती घरं बांबू आणि कागदाचा पाच टोकांचाच तारा टांगतात. त्याला ते पारोल म्हणतात.

(दृश्य: खळ शिजते आहे. लाकडी चमचा.)

खळीसाठी पन्नास ग्रॅम मैदा शंभर मिलीलीटर गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा. दोनशे मिलीलीटर पाणी उकळून त्यात हे सोडा आणि मंद आचेवर ढवळत राहा. पांढरा रंग जाऊन चकाकी आली की झाली. झुरळं आणि किडे खळ खातात, म्हणून तीत चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात. मोरचूद विषारी आहे. स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, आणि ॲल्युमिनियमचं तर मुळीच नको, ते मोरचुदाने खाल्लं जातं. घरात लहान मुलं हाताखाली काम करणार असतील तर मोरचूद टाळा आणि रोज लागेल तेवढीच ताजी खळ करा.

कागदाचे तुकडे बावीस. प्रत्येक पाकळीला पुढे एक, मागे एक आणि कडेला दोन, असे चार त्रिकोण. पाच पाकळ्यांचे वीस. शिवाय पुढचा आणि मागचा पंचकोन. पुढच्या-मागच्या त्रिकोणाचा पाया चौदा सेंटीमीटर, कडेच्याचा बारा, बाजू सगळ्यांच्या तेवीस, आणि चहूबाजूंनी एक सेंटीमीटर मुडपायला. त्रिकोण उलटसुलट बसवून कापले तर ५० बाय ७५ च्या दोन तावांत सगळं निघतं. तिसरा ताव हाताशी असू द्या, कारण एखादा तुकडा फाटतोच. कापण्याआधी एक त्रिकोण सांगाड्यावर धरून बघा. हाताने बांधलेल्या सांगाड्यात दोन-चार मिलीमीटरचा फरक येतो.

रंगाचं म्हणाल तर पुढून पांढरा किंवा फिकट पिवळा आणि कडेला लाल, ही जोडी आम्हाला सगळ्यात पटते. तारा उंच टांगलेला असतो, खालून बघणाऱ्याला कडा दिसतात. गडद कडांमुळे प्रत्येक पाकळी वेगळी उठून दिसते. सगळाच लाल केला तर उजेड गिळला जातो.

(दृश्य: अगदी जवळून. बोटाने कामटीवर खळ लावली जाते, कागद ठेवला जातो, कड मुडपली जाते.)

खळ कामटीला लावायची, कागदाला नाही. पतंगाचा कागद ओला झाला की फाटतो, आणि लाल कागदाचा रंग पांढऱ्यावर उतरतो. बघा, पातळ थर, कागद अलगद टेकवला, कोपऱ्यांवर कात्रीने छोटे छेद दिले, कड कामटीभोवती वळवून आतून दाबली. सुरकुती राहिली म्हणून ओढू नका. ओलसर कड वाळताना स्वतःच आवळते. आधीच ताणून बसवलेला कागद रात्रीत मधोमध फाटतो.

आधी कडेचे दहा त्रिकोण, कारण तोवर हात पुढून-मागून आत जातो. मग मागच्या पाकळ्या, मग पुढच्या, शेवटी पुढचा पंचकोन. मागचा पंचकोन नुसता वरच्या कडेला चिकटवा, झडपेसारखा. दिवा तिथूनच आत जाईल.

आता ते बारा सेंटीमीटर आठवा. एलईडी बल्ब साधारण सहा सेंटीमीटर रुंद असतो. बारातून सहा गेले, म्हणजे पुढे तीन, मागे तीन. एवढ्या अंतरावर जुना तारेचा तापणारा बल्ब कागद करपवतो, आणि पेटवूही शकतो. पाच ते सात वॅटचा, दुधी काचेसारखा, पिवळसर उजेडाचा एलईडी लावा. वरच्या दोन मधल्या काड्यांना आडवी एक काडी बांधून होल्डर तिला पक्का करा. लोंबत ठेवला तर वाऱ्यावर बल्ब कागदाला धडकतो. ताऱ्याचं वजन वरच्या टोकाला बांधलेल्या दोरीवर यावं, वायरवर नाही. वायर सैल सोडा.

टांगताना छज्जाखालची किंवा ओटीवरची जागा निवडा. डिसेंबरात किनाऱ्यावर पहाटे दव पडतं. उघड्यावरचा कागद सैल पडतो, उन्हात पुन्हा आवळतो, आणि चार-पाच दिवसांत कोपऱ्यातून सुटायला लागतो. लाल रंग भिंतीवर ओघळला तर चुन्याचे दोन हात दिल्याशिवाय जात नाही. खालच्या दोन टोकांना दोरे बांधून ताण द्या. तारा गरगर फिरत राहिला की वरची गाठ झिजते.

(दृश्य: गाठोड्यासारखा बांधलेला सपाट सांगाडा, सोबत कापलेल्या कागदांची घडी.)

कुणाला भेट द्यायचा असेल तर कागद न लावता द्या. पाच काड्या काढल्या की सांगाडा पुन्हा सपाट होतो. तीस सेंटीमीटरचा तारा मोठ्या पुस्तकाएवढ्या पाकिटात मावतो. सोबत पाच काड्या, कापलेले बावीस तुकडे आणि मापं लिहिलेली चिठ्ठी. पाकिटात दोन्ही बाजूंना पुठ्ठा घाला, टोकं आधी मोडतात. पाठवताना काड्यांवर आणि छेदांवर एक ते पाच आकडे लिहा, म्हणजे समोरच्याला एक, तीन, पाच, दोन, चार असा क्रम पाळता येईल.

घरचा तारा सहा जानेवारीपर्यंत, तीन राजांच्या सणापर्यंत ठेवतात. उतरवल्यावर कागद ओल्या फडक्याने भिजवून सोलून काढा, नुसता ओरबाडला तर कामटीची साल निघते. काड्या काढा, सांगाडा दोन दिवस सावलीत वाळवा, आणि माळ्यावर आडवा ठेवा. उभा टेकवून ठेवला तर वर्षभरात कामट्या एका बाजूला वळतात. पुढच्या डिसेंबरात पाचही अंतरं पुन्हा मोजायची. ३७ आलं की कागद कापायला घ्यायचा.