वाघोलीच्या खाणीतला निळा

[खाणीचा उभा कडा, खाली पोकलेन]
हा काळा कातळ आपल्या रोजच्या ओळखीचा. घराच्या पायात हाच, रस्त्याच्या खडीतही हाच. पुण्याजवळ वाघोलीला त्याच्या खाणी आहेत.

[कपार, अगदी जवळून]
आता या कपारीत बघा. स्टिल्बाइट या पांढऱ्या खनिजावर बसलेला हा गडद निळा झुबका म्हणजे कॅव्हन्साइट. बारीक सुया, सगळ्या एकाच बिंदूतून चहूकडे फुटलेल्या. वरून कसलाही रंग दिलेला नाही. हा निळा व्हॅनेडियम धातूचा. या खनिजाचं पहिलं शास्त्रीय वर्णन १९७३ साली अमेरिकेतल्या ऑरेगनमधल्या नमुन्यांवरून झालं. पण जगभरचे संग्राहक ज्याच्यासाठी जीव टाकतात, ते आपल्या वाघोलीचं!

[कड्यातले लाव्हाचे थर, पोकळ्या]
सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळला. थरावर थर चढले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर मुलूख त्याखाली आहे. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आतच अडकले. ही पोकळी त्यातलीच एक. पुढे खडकातून गरम पाणी झिरपत राहिलं. त्यात सिलिका, कॅल्शियम, सोडियम विरघळलेलं. पोकळीच्या भिंतींवर ते हळूहळू साकळलं, एका खनिजावर दुसरं. आत मोकळी जागा होती, म्हणूनच प्रत्येक स्फटिकाला आपला आकार पुरता घेता आला.

[हिरवा अपोफिलाइट, हातात फिरवताना]
हा हिरवा अपोफिलाइट. टोकाचा हा सपाट माथा पाहा, मोत्यासारखा चमकतो. या हिरव्यातही व्हॅनेडियमच! झिओलाइट नावाच्या गटातल्या खनिजांच्या शेजारी सापडतो, पण स्वतः झिओलाइट नव्हे.

[परीक्षानळी, खाली ज्योत]
आणि हा स्टिल्बाइटचा चुरा, खरा झिओलाइट. नळी कोरडी होती. तापवली, आणि वरच्या काचेवर थेंब जमले. हे पाणी स्फटिकाच्या जडणघडणीतच होतं. याच गुणामुळे स्वीडनचा खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेट याने १७५६ साली या खनिजांना झिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड, असं नाव दिलं.

[क्रशर, खडीचे ढीग]
सुरुंग उडाला की यातलं बरंचसं खडीत जातं. वाचलेले उत्तम नमुने परदेशी जातात.

[संग्रहालयाची दालनं]
सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात मात्र ही खनिजं आपल्या मातीत पाहता येतात. असं दालन प्रत्येक जिल्ह्यात हवं. आणि डबर क्रशरवर जाण्याआधी त्यातल्या पोकळ्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तपासू द्यायला हव्यात.