हजार यार्डांवरचा वारा

नमस्कार श्रोतेहो. कॉलेजात एनसीसीत होते तेव्हा पॉइंट टू-टूची रायफल चालवायचे. अंतर २५ मीटर. पाच गोळ्या रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बसल्या की आठवडाभर मी स्वतःला अर्जुन समजत असे. पुढे नोकरीसाठी इंग्लंडला गेले. तिथे ऑफिसातल्या एकाने एका शनिवारी मला बिस्लीला नेलं आणि पहिल्या दहा मिनिटांत माझ्या अंगातला अर्जुन उतरला.

बिस्ली हे सरे परगण्यातलं गाव. रायफलींच्या स्पर्धा इथे भरतात त्या १८९० पासून. त्याआधी विंबल्डनला व्हायच्या. हो, टेनिसवाल्याच! १८६० साली तिथे पहिला बार काढला राणी व्हिक्टोरियाने. चारशे यार्डांवरून, मध्यापासून जेमतेम सव्वा इंचावर. पण रायफल आधीच नेम धरून ठाण्यावर घट्ट बसवलेली होती, राणीसाहेबांनी दोरी तेवढी ओढली. अशी सोय मला कुणी करून दिली नाही.

तिथल्या स्टिकलडाउन रेंजवर मी पहिल्यांदा हजार यार्डांवरून नेम धरायला पालथी झोपले. हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ब्राँझ मिळवलं ते ५० मीटरवर. त्याच्या अठरा पट. हात लांब करून चिमटीत एक तीळ धरा. दारापेक्षा रुंद असलेलं टार्गेट तिथून तेवढं दिसतं. आणि या प्रकारात रायफलीवर दुर्बीण चालत नाही, बारीक भोकाच्या साइटमधूनच बघायचं.

गोळीला पोचायला साधारण दीड सेकंद लागतो. तेवढ्यात ती तीसेक फूट खाली येते. त्याचं काही वाटत नाही, कारण ते ठरलेलं असतं; साइट तेवढी चढवली की झालं. वाऱ्याचं मात्र काही ठरलेलं नसतं. ताशी दहा मैलांचा आडवा वारा गोळीला सात-आठ फूट बाजूला नेतो, आणि टार्गेटचा मधला गोल, म्हणजे बुल, असतो दोन फुटांचा. म्हणजे अंदाज ताशी दीड मैलाने चुकला तरी बुल हुकला. बरं, आपल्या गालाला लागतो तो वारा वेगळा आणि मधल्या खोलगटातला वेगळा. एक झेंडा ताठ, पुढचा लोळागोळा.

जुने खेळाडू झेंड्यांइतकेच मृगजळ बघतात. आपल्याकडे मे महिन्यात डांबरी रस्त्यावर झळा थरथरतात ना, त्याच. शेजारच्या स्टँडवरच्या दुर्बिणीतून त्या ओढ्यासारख्या वाहताना दिसतात. डावीकडून उजवीकडे वाहिल्या तर वारा तिकडे. सरळ वर उकळायला लागल्या की थांबायचं, कारण वारा आता पलटणार असतो. मी थांबत नसे. चाप ओढून मोकळी होत असे.

एकदा मात्र थांबले. दुर्बिणीतून झळा पाहिल्या, साइट दोन टिचक्या डावीकडे घेतली, श्वास सोडला, चाप ओढला. छिद्रावर खूण करायला टार्गेट खाली गेलं, वर आलं. कोरं! शेजारचं वर आलं तर त्यावर दोन छिद्रं, एक अगदी मधोमध. दुर्बिणीवरून डोळा काढताना मी शेजारच्या टार्गेटवर गेले होते. मला शून्य. शेजारचे आजोबा म्हणाले, "वारा छान वाचलात."

१९३० साली इथला सगळ्यात मानाचा किताब, किंग्ज प्राइझ, पहिल्यांदा एका बाईने जिंकला, मार्जरी फॉस्टरने. कोंबड्या पाळणारी बाई. शेवटच्या फेरीत ९०० आणि १००० यार्ड असतात. जिंकणाऱ्याला खुर्चीत बसवून खांद्यावर मिरवतात.

मला सगळ्यात आवडायचं ते खालचं काम. टार्गेटांच्या पायथ्याशी जाड भिंतीआड खंदक असतो, त्याला बट म्हणतात. तिथे उभं राहून टार्गेट ओढून खाली घ्यायचं, छिद्रात खूण अडकवायची, जुनं छिद्र कागदाने बुजवायचं. डोक्यावर चाबूक ओढल्यासारखा फट्‌ आवाज होतो आणि कागदाला भोक पडतं. बंदुकीचा बार ऐकू येतो तो त्यानंतर, सव्वा सेकंदाने, लांबून, कुणीतरी गादी झटकल्यासारखा. तोवर माझा हात दोरीवर गेलेला असायचा.