बैअत कुणाशी?

[दृश्य: मशिदीतली २०१४ची चित्रफीत]

४ जुलै २०१४. मोसुलची नूरी मशीद. काळा फेटा बांधलेला एक माणूस मिंबरच्या, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठाच्या, पायऱ्या थांबत थांबत चढतो. मनगटावर घड्याळ चकाकतं. हा अबू बक्र अल-बगदादी, आयसिस या इराक-सीरियातल्या जिहादी संघटनेचा म्होरक्या. पाचच दिवसांपूर्वी त्याच्या प्रवक्त्यानं, अदनानीनं, जाहीर करून टाकलंय: खिलाफत, म्हणजे खलिफाच्या हाताखालचं सगळ्या मुसलमानांचं एक राज्य, आली. आता मुसलमानांनी याच्याशी बैअत करावी, म्हणजे निष्ठेची शपथ घ्यावी. इतर जिहादी संघटनांनी गाशा गुंडाळावा.

सर्वांत बोचरा विरोध झाला तो घरातूनच. जॉर्डनचे अबू कतादा आणि मक्दिसी, जिहादी वर्तुळातले वजनदार मौलवी, दोघांनीही ही खिलाफत झिडकारली. उम्मतच्या, म्हणजे मुस्लिम समुदायाच्या, जाणत्यांना विचारलं कुणी? हिज्ब उत-तहरीर या इस्लामी संघटनेचा तर १९५३पासून खिलाफत हा एककलमी कार्यक्रम. तीही म्हणाली, जिथं धड सत्ता नाही, सुरक्षितता नाही, तिथं खिलाफत कसली?

[दृश्य: अल-कायदाचा तेव्हाचा प्रमुख जवाहिरी याची जुनी चित्रफीत]

अल-कायदाची मात्र पंचाईत झाली. तिची शपथ तालिबानच्या मुल्ला उमरशी. जुलै २०१४मध्येच तिनं पत्रक काढून ती नव्यानं जाहीर केली. आणि मुल्ला उमर? तो एप्रिल २०१३मध्येच वारला होता. तालिबाननं ही बातमी २०१५पर्यंत दडवून ठेवली. खलिफा खोटा ठरवायला पुढं केलेला अमीर, म्हणजे नेता, कबरीत होता!

शास्त्रार्थ कितीही रंगला, तरी खरी ठिणगी पडली होती ती हुकूम कुणाचा यावरून. एप्रिल २०१३मध्ये बगदादीनं सीरियातली नुसरा आघाडी ही जिहादी संघटना आपल्यात विलीन झाल्याचं परस्पर जाहीर केलं. तिचा म्होरक्या जुलानी यानं ते धुडकावून थेट जवाहिरीशी बैअत केली. जवाहिरीनं बगदादीला इराकात परत जायला सांगितलं. त्यानं ऐकलं नाही. फेब्रुवारी २०१४मध्ये अल-कायदानं त्याच्या संघटनेपासून हात झटकले.

[दृश्य: काबूल, दमास्कस]

तालिबानला हवी होती अफगाणिस्तानपुरती अमिरात, म्हणजे अमीराचं राज्य. २०१५मध्ये तिथं आयसिसची खोरासान शाखा उभी राहिली आणि दोघांत रक्तपात सुरू झाला. ११ डिसेंबर २०२४ला काबूलमध्ये तालिबानचा मंत्री खलील हक्कानी स्फोटात मारला गेला. जबाबदारी आयसिसनं घेतली.

त्याआधी तीनच दिवस जुलानीचे सैनिक दमास्कसमध्ये शिरले होते. अल-कायदाशी नातं त्यानं २०१६मध्येच तोडलेलं. आज तो सूट-टाय घालून, अहमद अल-शरा या मूळ नावानं, सीरियाचा राष्ट्राध्यक्ष आहे. आयसिसच्या लेखी, धर्मद्रोही.