स्टॉपेज कुणाच्या नावावर?

नमस्कार मंडळी. आज डिपार्टमेंट-डिपार्टमेंटच्या भांडणावर बोलायचंय, आणि ती कशी जुंपतात हे बघायचं तर गळीत हंगामातल्या साखर कारखान्यासारखी जागा नाही.

समजा जानेवारीतली रात्रपाळी आहे आणि मिल थांबली. का थांबली ते नंतर, आधी प्रश्न काय, तर स्टॉपेज कुणाच्या नावावर टाकायचं? कारण रजिस्टरला कारणांचे खाने असतात, "ऊस नाही", मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्रोसेस, आणि सकाळी एमडींसमोर तेच वाचलं जातं. मग इंजिनिअरिंगवाले म्हणणार शेतकीने ऊसच दिला नाही, शेतकीवाले म्हणणार यार्डात गाड्यांची रांग लागलीय, तुमची ऊस टाकायची गव्हाणच तुंबली त्याला आम्ही काय करणार. दिवसाला 5000 टनी कारखाना असेल तर तासाला 200 टनांवर गाळप बुडतं, तोडलेला ऊस 24 तासांत गाळला नाही तर साखरेचा उतारा घसरतो तो वेगळाच, पण हे आपले रजिस्टर धरून बसलेत!

बरं, सगळंच काय इगोचं नसतं हो. बगॅसमधली, म्हणजे पिळलेल्या चिपाडातली, उरलीसुरली साखर निघावी म्हणून मिलवर गरम पाणी मारतात, ते मिलवाल्याला जास्त हवं असतं आणि चीफ केमिस्टला बेताचंच, कारण रसात आलेलं ते पाणी पुढं आटवायचं त्यालाच, म्हणजे वाफ जास्त जाणार. दोघंही बरोबर आहेत. इथं "जरा समजून घ्या" म्हणून काही होत नाही, दोघांनी बसून पाण्याचा आकडा ठरवायचा, बॉयलरचं प्रेशर पडलं तर आधी कुणी कुणाला फोन करायचा तेही ठरवायचं आणि लिहून ठेवायचं.

काही ठिकाणी मॅनेजमेंट ट्रेनर बोलावते, खेळ घेते, वर जेवण. जेवण बरं असतं.

खरी गोची असते ती चोरून ठेवलेल्या आकड्यांत. मिलच्या रोलरचं काम दोन तासांचं असलं तरी इंजिनिअर चार सांगतो, म्हणजे लवकर झालं तर शाबासकी आणि उशीर झाला तर बोलणी नकोत. शेतकीवाल्याला हे पक्कं ठाऊक, म्हणून तो त्या चारावर विश्वास न ठेवता तोडणी चालूच ठेवतो, आणि खरंच चार तास लागले की बैलगाड्या यार्डात ताटकळतात, ऊस वाळतो, गाडीवान शिव्या घालतो. आता यातून बाहेर पडायला कुणीतरी आधी खरा आकडा सांगायला पाहिजे, "आज तोडणीच्या दोन टोळ्या कमी आहेत, पहाटे ऊस कमी पडेल" असं संध्याकाळीच, आणि समोरच्याने तोच आकडा सकाळी मीटिंगला त्याच्यावरच उलटवायचा नाही. हे दुसरं जास्त अवघड आहे, आणि ते खालच्या माणसांच्या हातात नाहीच मुळी.

तेव्हा कुणी एमडी साहेब ऐकत असतील तर येत्या हंगामात पहिला महिनाभर मीटिंगला ते खाने वाचूच नका. मिल का थांबली आणि उद्या थांबू नये म्हणून कुणाला काय लागतंय, एवढंच विचारा, आणि ते ऐकताना शेतकी अधिकारी आणि चीफ इंजिनिअरला शेजारी-शेजारी बसवा. नमस्कार.