उसाचं बिल आणि फायनान्सचा तास

[सकाळ. सांगली, विश्रामबाग. एसटीतून उतरणारे विद्यार्थी.]

बीकॉमला किंवा बीबीएला फायनान्स घेतलं, की पहिल्या काही तासांतच एक गोष्ट शिकवली जाते. आज हातात आलेला रुपया वर्षाने मिळणाऱ्या रुपयापेक्षा मोलाचा. फळ्यावर सूत्र येतं, त्याखाली कुठल्यातरी काल्पनिक लिमिटेड कंपनीचं उदाहरण येतं आणि वर्ग मुकाट्याने आकडे उतरवून घेतो. त्याच वर्गातल्या कित्येक मुलांच्या घरी हा विषय दर गाळप हंगामात जेवताना निघतो. बिल कधी जमा होणार?

ऊस कारखान्याला गेला, की १४ दिवसांत एफआरपीचे, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या किमान ऊसदराचे, पैसे मिळाले पाहिजेत, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज.

[क्लोजअप : वही, कॅल्क्युलेटर, उसाच्या बिलाची पावती.]

वाळवा तालुक्यातून येणारी ही तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी घरची पावती घेऊन बसली आहे. हिशेब सोपा जावा म्हणून ती ५० टन ऊस धरते. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला ३,००० रुपये, म्हणजे दीड लाख. १४ दिवसांच्या वर आणखी ६० दिवस गेले, तर व्याज होतं ३,६९९ रुपये. खाली रेघ मारून ती पुढे लिहिते : सोसायटीचं पीककर्ज. तीन लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत फेडलं, तर व्याज सवलतीमुळे शेतकऱ्यावर व्याजाचा बोजा पडत नाही. बिल लांबलं आणि मुदत हुकली, की ती सवलत गेली. हा आकडा पावतीवर कुठेच नसतो, तो तिला स्वतःच मांडावा लागतो.

राज्य सरकारने २०२२ मध्ये एफआरपी दोन हप्त्यांत द्यायची मुभा दिली. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. या तीन वर्षांत ‘एकरकमी द्या’ म्हणून रस्त्यावर बसलेला शेतकरी प्रेझेंट व्हॅल्यूच, म्हणजे पैशाचं आजचं मोलच, मागत होता. परीक्षेला एवढं नेमकं उत्तर क्वचित कुणी लिहितं.

[साखर कारखाना. गोदामातल्या पोत्यांच्या थप्प्या.]

आता टेबलाच्या पलीकडे बसू. कारखान्याला उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे आहेत. साखर मात्र केंद्राने ठरवून दिलेल्या महिन्याच्या कोट्याप्रमाणे वर्षभर विकायची. मधला काळ कशावर काढायचा? पोती बँकेकडे तारण जातात. बँक साखरेचं मूल्यांकन करते, त्यातला काही भाग दुरावा म्हणून राखून ठेवते आणि उरलेल्यावर पोत्यामागे उचल, म्हणजे कर्ज, देते. त्या उचलीवर व्याज चालू होतं. साखरेचा भाव पडला, की मूल्यांकन पडतं, उचल कमी होते, बिलं थकतात आणि गेटवर शेतकरी जमा होतात.

यात आणखी एक पेच आहे. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाला आणि त्यानंतर अनेक हंगाम तिथेच राहिला. एफआरपी वाढत गेली. २०२४-२५ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलमागे ३४० रुपये, पुढच्या हंगामाला ३५५. वर्किंग कॅपिटलचं, म्हणजे रोजचा कारभार चालवायला लागणाऱ्या पैशाचं, प्रकरण शिकवायला याहून चांगला धडा कुठून आणायचा? कारखानदारांची बाजू घ्यायची म्हणून हे सांगत नाही. कारभार ढिला असला, तर याच कोंडीचं निमित्त करून तो झाकताही येतो. दोन्हीतला फरक ताळेबंद वाचणाऱ्यालाच कळतो.

[सांगली, जुनी बाजारपेठ. गर्दी, दुकानांच्या पाट्या.]

कंपन्यांचं मूल्यांकन आणि विलीनीकरण शिकायलाही लांब जायला नको. सांगली बँक १९१६ ची. २००७ मध्ये ती आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. सांगली बँकेच्या ९२५ शेअर्सना आयसीआयसीआयचे १०० शेअर्स असं गुणोत्तर ठरलं. सांगली बँकेचा शेअर बाजारात नोंदलेलाच नव्हता. मग त्याची किंमत काढायची कशावरून? पुस्तकी, म्हणजे ताळेबंदातल्या, मूल्यावरून, की दोनशेच्या घरातल्या शाखांवरून?

शेजारच्या साताऱ्यात थोडं आधी वेगळं घडलं. १९३६ मध्ये सुरू झालेल्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर सप्टेंबर २००६ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या अर्जावरून केंद्र सरकारने निर्बंध आणले आणि पुढच्याच महिन्यात ती आयडीबीआयमध्ये गेली. तिच्या भागधारकांना शेअरमागे २८ रुपये रोख मिळाले. एका गावात रोख, दुसऱ्या गावात शेअर. कुणाचं भलं झालं, या एका प्रश्नावर अख्खं सेमिस्टर निघेल. ज्यांच्या आजोबांच्या कपाटात ते शेअर होते, ती मुलं आज वर्गात असतील.

[मार्केट यार्ड. हळदीचे सौदे.]

हळदीचं थोडक्यात. वायदेबाजारात पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आजच ठरतो आणि तिथला एक सौदा ५ टनांचा असतो. एकरभर हळद लावणाऱ्याकडे एवढा वाळलेला माल सहसा नसतो. शिवाय त्या वायद्याचं मूळ केंद्र निझामाबाद, त्यामुळे तिथला भाव आणि इथला भाव यात फरक राहतो. हेजिंगच्या, म्हणजे भाव पडण्याच्या जोखमीपासून बचावाच्या, धड्यात ही अडचण एका ओळीत उरकलेली असते.

[पुन्हा ती विद्यार्थिनी. घराचा सोपा. हातात कारखान्याचा वार्षिक अहवाल.]

तिसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. पुष्कळ मुलं मागच्या वर्षीच्या बाइंड केलेल्या प्रतीवरून नवी प्रत काढतात. ग्राहकांचं समाधान, पंचवीस जणांची प्रश्नावली, पाय चार्ट, संपलं. हिने मात्र वडील सभासद असलेल्या कारखान्याचे अहवाल घेतले. दरवर्षी ते घरी येतात आणि माळ्यावर जातात. तिने ताळेबंदातलं अल्पमुदत कर्ज, शिल्लक साखर आणि नफातोटा पत्रकातलं व्याज एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडलं.

वार्षिक सभा सप्टेंबरअखेर. प्रश्न आधी लेखी द्यावे लागतात. वडिलांच्या सहीने तिने दोन दिलेत. शिल्लक साखर कमी झाली असताना तारण कर्जावरचं व्याज वाढलं कसं? आणि उशिरा दिलेल्या बिलांवरचं व्याज कोणत्या खात्यात दाखवलं आहे?