मखराची पट्टी शेवटाला लाल का पडते?

नमस्कार मंडळी, मालवणातून बोलतोय, मागे पावसाचा आवाज येत असेल तर सांभाळून घ्या. गणपती तोंडावर आलेत आणि सगळ्यांचा मेसेज एकच, दादा, मखराच्या एलईडी दिव्यांच्या पट्टीवर पांढरा रंग लावला की सुरुवात पांढरी नि शेवट लालसर, पट्टी खराब निघाली काय? पट्टी चांगली आहे ओ, तिला पोटभर मिळत नाहीये.

ही बघा, डब्ल्यूएस२८१२बी, ५ व्होल्टची, मीटरला ६० दिवे, ५ मीटर म्हणजे ३००. फुल पांढऱ्यावर एक दिवा ६० मिलिअँपपर्यंत खातो, म्हणजे झाले १८ अँप! मोबाईलचा चार्जर तिथे पुरणारच नाही, मी ३० अँपचा एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेचे ५ व्होल्ट करून देणारा डबा, घेतलाय. पण नुसता मोठा घेऊन भागत नाही, कारण पट्टीतलं तांबं अगदी पातळ, वाटेतच व्होल्टेज पडतं. मल्टिमीटर लावतो... इथे सुरुवातीला ५ व्होल्ट, आणि पार टोकाला ३.४. प्रत्येक दिव्यात लाल, हिरवा, निळा असे तीन बारीक दिवे असतात, तिघे मिळून पांढरा. लाल दिव्याला साधारण २ व्होल्ट पुरतात, हिरव्या-निळ्याला ३ च्या आसपास लागतात, म्हणून आधी ते मंदावतात नि लाल तेवढा उरतो.

आता मेन स्विच बंद, प्लग पण काढला, हे आधी. एसएमपीएसवरून दीड स्क्वेअर मिलिमीटर जाडीच्या वायरची वेगळी जोडी थेट शेवटच्या टोकाला, प्लसला प्लस, मायनसला मायनस, आणि प्रत्येक जोडीच्या प्लसवर १० अँपचा फ्यूज टाकाच, मखरात थर्माकोल नि कापड असतं हो.

कंट्रोलर, म्हणजे कुठल्या दिव्याने कुठला रंग दाखवायचा हा डेटा पट्टीला पाठवणारा छोटा बोर्ड, हा ईएसपी३२. गेल्या वर्षी मी याला वेगळा चार्जर दिला आणि ग्राउंड, म्हणजे मायनसची वायर, जोडायचं राहिलं, चतुर्थीच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत दिवे वेडेवाकडे लुकलुकत होते नि मी प्रोग्राम तपासत बसलेलो. कंट्रोलरचा ग्राउंड आणि एसएमपीएसचा मायनस एकत्र हवेतच, नाहीतर डेटाची पातळी मोजायची कशाच्या तुलनेत? शिवाय हा ३.३ व्होल्टचा डेटा देतो, पट्टीला ३.५ तरी हवा, कधी चालतं कधी नाही, म्हणून मध्ये ३.३ चे ५ व्होल्ट करणारी ७४एएचसीटी१२५ ही चिप, आणि पहिल्या दिव्याजवळ ३३० ओहमचा रेझिस्टर. डेटा पट्टीवर छापलेल्या बाणाच्या दिशेनेच.

आणि आपल्याकडची खारी हवा! नुसती पिळलेली वायर ठेवली की बघता बघता जोड हिरवा पडतो, हा बघा गेल्या वर्षीचा. सोल्डर करा, वर हीटश्रिंक, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी, चढवा.

चला, स्विच ऑन. टोकाला मीटर... ४.६. आला बघा निळा परत.