लोकलचं वीजबिल

नमस्कार श्रोतेहो. आज लोकलच्या वीजबिलाबद्दल. एक गोष्ट आधीच सांगतो: लोकलची वीज जास्त खर्च होते ती उभी गाडी उठवायला. धावत्या गाडीला त्या मानाने फार लागत नाही. पुन्हा सांगतो, उठवायला!

डोंबिवलीला आमच्या शेजारी एक निवृत्त मोटरमन राहायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. एकदा लग्नाच्या खरेदीसाठी त्यांच्यासोबत दादरला निघालो, स्लो लोकलने. स्लोच बरी हो! फास्टवाले वाचवलेली मिनिटं दादरच्या पुलावर चेंगरत घालवतात. तर अण्णा खिडकीशी डोळे मिटून बसलेले. मला वाटलं, डुलकी लागली. मुंब्रा सुटलं, गाडीनं वेग घेतला आणि अण्णा पुटपुटले, "सोडलं." त्याच क्षणी खालची मोटरची घरघर बंद! गाडी आपल्याच वेगात कळव्याला. कळवा सुटल्यावर पुन्हा "सोडलं." समोरच्या मावशी घाबरून माझ्याकडे बघायला लागल्या.

भांडुपच्या आधी मात्र घरघर थांबेचना. प्लॅटफॉर्म आला तरी चालूच, आणि मग करकचून ब्रेक! उभी माणसं एकमेकांवर, मावशींच्या मांडीवरची मेथी खाली. अण्णांनी डोळे उघडले. "नवा पोरगा दिसतोय. मावशी, मेथी गोळा होईल, त्यानं सांडलेली वीज नाही होणार."
"तुम्हाला काय कळतं गाडीतलं?"
"थोडंफार," अण्णा म्हणाले आणि मेथी उचलू लागले.

तर मोटरला वीज देणारं हँडल वेळेवर सोडणं आणि गाडी आपल्याच वेगात जाऊ देणं, याला कोस्टिंग म्हणतात. हँडल वेळेवर सोडा, वीज वाचते.

बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली 3 फेब्रुवारी 1925 ला, 1500 व्होल्ट डीसीवर. त्या जुन्या लोकलमध्ये ब्रेक लागला की सगळा वेग चाकांवर घासून गरम होऊन वाया. नव्या गाड्यांत ब्रेक लावताच मोटरच जनित्र होते आणि वीज वरच्या तारेत परत जाते. शेजारून सुटणारी लोकल ती वापरते. बचत साधारण 30 टक्क्यांची सांगतात.

लंडनला, 1968 मध्ये सुरू झालेल्या व्हिक्टोरिया लाइनवर, स्टेशनं मुद्दाम उंचवट्यावर बांधलीत. येताना चढ गाडी हळू करतो, निघताना उतार ढकलतो. अण्णांना हे सांगितलं, तर म्हणाले, "मग मोटरमनला पगार कशाचा देतात?"